अप्पांचं लग्न ठरलं तेव्हा

माझं स्वतःचं लग्न ठरायच्या बरंच आधी, डोंबिवलीतल्या एका लग्नात नवरा आणि नवरी अशा दोन्ही भूमिका माझ्याकडे आल्या होत्या. हॉल मिळाला होता, पंगतीचा बेत ठरला होता, वरपक्ष कल्याणहून आणि वधूपक्ष डोंबिवलीतून निघायच्या तयारीत होता. अडचण एवढीच होती की नवरा म्हणजे मी होते आणि नवरीही मीच होते.

यंदा या अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून सांगितलं, "पत्रकार म्हणून तुमच्या कसोटीच्या एखाद्या प्रसंगावर लिहा." त्यांच्या मनात पूर, निवडणूक, नाहीतर एखादा घोटाळा असावा. पूर मी पाहिलाय, निवडणुकाही पुष्कळ पाहिल्या. घोटाळेही कानावर यायचे, पण पहिल्या पानावर पाणीकपातीचं वेळापत्रक असल्यामुळे त्यांना जागा उरत नसे. माझी खरी कसोटी पाहिली ती आमटीने. तेव्हा आमटीबद्दलच लिहिते.

'शेजारधर्म' हे आमचं साप्ताहिक. दर शनिवारी निघायचं. डोंबिवली पूर्वेला एका पिठाच्या गिरणीच्या वर आमची कचेरी होती. दिवसभर जमीन थरथरायची आणि टेबलं, खुर्च्या, आम्ही, सगळ्यांवर पिठाचा पातळ थर बसायचा. दिवाळीच्या आधी भाजणीचा वास वर आला की संपादक वर्तकसाहेब अग्रलेख अर्धा टाकून चकल्या आणायला उठायचे. मोठी दैनिकं ज्या बातम्यांना विचारत नाहीत त्या आमच्याकडे छापून यायच्या. कुठल्या सोसायटीची गच्ची गळते, कोणाची नात वक्तृत्वात पहिली आली, कोणाचा पोपट उडाला. एकदा पोपट हरवल्याची जाहिरात आली, तर तीन जण तीन वेगवेगळे पोपट घेऊन आले आणि मालकाने तिन्ही ओळखले.

मी तिथे लागले ती प्रेसमधून आलेल्या कच्च्या छपाईतल्या चुका दुरुस्त करायला. मग ठाण्याला सभांना जाऊन बातमी आणायचं काम आलं, मग श्रद्धांजल्या आल्या, मग राशिभविष्य आलं. भविष्य लिहिताना माझ्या आईची रास मी कधीच वाईट जाऊ दिली नाही. ती दर शनिवारी वाचून म्हणायची, "अगं, हा तुमचा ज्योतिषी भलता हुशार आहे हं."

लहान साप्ताहिकाचं हे असंच असतं. वाचकाला वाटतं आत दहा जण बसलेत, आणि आत एक बाई बसलेली असते. कुठल्याही लेखावर माझं नाव नसे. मी एकदा वर्तकसाहेबांना विचारलं तेव्हा ते खो खो हसले. "वैजयंती खरे! आडनाव झकास आहे. पण सव्वीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलीने सासवा-सुनांना अक्कल शिकवायची? कोण वाचेल? आपल्याला एक म्हातारा लागेल."

तर असे अप्पा जन्माला आले. 'अप्पांचा सल्ला' या सदराचे लेखक. साताऱ्याकडचे, पोस्टातून निवृत्त, मिशीवाले. विधुर, कारण बायको ठेवली असती तर तिचं काय म्हणणं आहे तेही दर आठवड्याला लिहावं लागलं असतं. लोक त्यांना पोस्टकार्डांवर आपली घरं उलगडून दाखवायचे आणि अप्पा उत्तर द्यायचे. मी स्वतः दुकानदाराला वजनात फसवलंस म्हणायला घाबरायचे, पण अप्पा होऊन लिहायला बसले की कोणाच्या बापाला भ्यायचे नाही.

दुसऱ्या पानावर अन्नपूर्णाकाकू होत्या. त्यांचं पाककृतींचं सदर आधी एक खऱ्याखुऱ्या बाई लिहायच्या. त्या मुलाकडे नाशिकला गेल्या आणि काकू माझ्या गळ्यात पडल्या. मला तेव्हा चहा आणि मॅगी येत होतं. मी ओट्याशी उभी राहायची, आई सांगायची आणि काकू लिहायच्या. आई रत्नागिरीची, म्हणून काकूही रत्नागिरीच्या. एकदा 'आमच्या ह्यांना ही भाजी फार आवडते' असं मी लिहिलं होतं. प्रेसमध्ये 'आवडते'चं 'आवडायची' झालं, ते माझ्या नजरेतून सुटलं, आणि काकू विधवा झाल्या. सांत्वनाची पोस्टकार्डं आली. परत नवरा जिवंत करणं काही बरं दिसलं नसतं.

आता आमटी. एका आठवड्यात काकूंनी लिहिलं की आमटीला गुळाचा खडा हवाच. त्याच अंकात सांगलीहून लग्न होऊन आलेल्या एका मुलीने अप्पांना विचारलं होतं की सासरी सगळ्यात गूळ घालतात, घास उतरत नाही, काय करू? अप्पांनी उत्तर दिलं, "मुली, गूळ घातलेली आमटी ही आमटी नसून आजारी माणसाचं सरबत आहे. तू तुझ्यापुरती वाटीत वेगळी काढून घे."

खरं सांगते, मी मंगळवारी अप्पा लिहायचे आणि बुधवारी काकू, त्यामुळे माझ्या हे लक्षातच आलं नाही. डोंबिवलीच्या मात्र आलं. सोमवारी कचेरीत पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. काकूंनी हे ऐकून घेऊ नये, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. तेव्हा काकूंनी लिहिलं, "ज्यांना घरी वाढणारं कोणी नाही, त्यांनी दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये."

अंक शनिवारी दुपारीच संपला. वर्तकसाहेब हात चोळत म्हणाले, "वैजू, भांडण तुटू देऊ नकोस."

तुटू कसलं देते! मला तर चेव चढला. आठवडाभर मला कचेरीत, घरी, दुकानात जे जे बोलता येत नव्हतं ते मी एकदा या तोंडाने बोलायचे आणि एकदा त्या. बुधवारी काकू लिहायला बसले की मला अप्पांचा खरोखर संताप यायचा. "काय समजतो हा माणूस स्वतःला?" असं मी एकदा मोठ्याने बोलले, तर आई म्हणाली, "कोण गं?" मी म्हटलं, "अप्पा." आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

लवकरच दोन तट पडले. डोंबिवलीच्या एका महिला मंडळाच्या अध्यक्षा शकुताई काकूंच्या बाजूने उभ्या राहिल्या. शकुताईंचा आवाज असा की त्यांच्या सभेला माईक लावत नसत. कल्याणला निवृत्त लोकांचा एक कट्टा होता, त्याचे पुढारी जोगळेकर मास्तर. ते अप्पांच्या बाजूने. एवढंच नव्हे, तर "अप्पा आणि मी जुने स्नेही" असं त्यांनी कट्ट्यावर सांगूनही टाकलं होतं. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मला गंमत वाटली. पुढे काय वाढून ठेवलंय ते कुठे माहीत होतं!

मग मला ताप आला. तापात मी अप्पांचं सदर कसंबसं लिहिलं, आणि भांडायचं त्राण नव्हतं म्हणून शेवटी लिहून गेले, "काकूंच्या हातची आमटी एकदा चाखून मग बोलावं, असंही कधी कधी वाटतं."

हे वाक्य डोंबिवलीने आणि कल्याणने मागणी म्हणून वाचलं.

पुढच्या आठवड्यात शकुताई आणि जोगळेकर मास्तर, जे एकमेकांकडे बघत नव्हते, ते हातात हात घातल्यासारखे आमचा जिना चढून आले.

"वर्तकसाहेब," शकुताई म्हणाल्या तेव्हा खालची गिरणीसुद्धा थांबल्यासारखी वाटली, "आमची काकू एकटी, तुमचे अप्पा एकटे. किती दिवस पेपरातून भांडायचं? एका घरात भांडू देत."

"मी अप्पांशी बोललोय," मास्तर म्हणाले. "त्यांची ना नाही."

मी कोपऱ्यात तपासायचे कागद घेऊन बसले होते. अप्पांची ना आहे की नाही हे जगात फक्त मलाच माहीत असायला हवं होतं, आणि समोरचा हा सभ्य, पांढऱ्या शर्टातला माणूस ते बिनदिक्कत सांगत होता. 'खोटं बोलताय' म्हणायची सोय नव्हती. तसं म्हणायचं तर आधी आम्ही खोटं बोलतोय हे सांगावं लागलं असतं.

वर्तकसाहेबांनी तिथेच 'नाही' म्हणायला हवं होतं. पण बरोबर हिराबाई म्हात्रे आल्या होत्या. हिराबाईंची भातशेती जिथे होती तिथे आता त्यांचा लग्नाचा हॉल होता, आणि आमच्या पहिल्या पानाच्या तळाशी त्याची जाहिरात असायची. नऊवारी नेसलेल्या, अंगावर भरपूर सोनं, बोलणं मोजकं.

"हॉल माझा," त्या म्हणाल्या. "जेवान पन माझा. दोनी म्हातारी मानसा सुखान ऱ्हाऊ देत."

वर्तकसाहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. शनिवारच्या अंकात चौकट आली: 'अप्पा आणि अन्नपूर्णाकाकू यांच्या भेटीचा स्नेहसोहळा. सर्वांनी यावे.'

लोक गेल्यावर वर्तकसाहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अप्पांना हार्ट अटॅक येऊ दे."

"मी नाही हं मारणार," मी म्हटलं.

"अगं, श्रद्धांजल्या तूच लिहितेस. दहा ओळी लागतात."

"साहेब, त्या माणसाला मी दर मंगळवारी भेटते. मला नाही जमायचं. आणि काकू एकदा विधवा झाल्या तेवढं पुरे."

शेवटी अप्पांना नर्मदा परिक्रमेला पाठवायचं ठरलं. चालत जायचं म्हणजे सहज वर्ष जातं, आणि तोवर लोक विसरतात. तशी बातमीही मी छापली. सोमवारी सकाळीच मास्तर कचेरीत हजर. चेहरा लाल.

"हे काय छापलंत? अप्पा कुठेही गेलेले नाहीत. काल आमच्याकडे जेवून गेले!"

"कोण?" वर्तकसाहेबांनी विचारलं.

"अप्पा! पुरणपोळी केली होती. तीन खाल्ल्या त्यांनी. परिक्रमेला निघालेला माणूस असा जेवतो होय?"

अप्पांना गोड आवडत नाही हे मी निदान वीस वेळा लिहिलं होतं. मी काही बोलणार एवढ्यात माझी मास्तरांच्या डोळ्यांकडे नजर गेली. ते घाबरलेले होते. कट्ट्यावर त्यांनी जे सांगून ठेवलं होतं, ते अप्पा परिक्रमेला गेले तर उघडं पडत होतं. आम्हाला अप्पा नाहीसे व्हायला हवे होते आणि त्यांना अप्पा हवे होते. मी नुसतं म्हटलं, "मास्तर, चहा घेणार?" परिक्रमा तिथेच बारगळली.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी कचेरीत एकटीच होते. वर्तकसाहेबांची तब्येत अचानक बिघडली होती. हिराबाई जिना चढून आल्या. हातात शिंप्याची टेप होती.

"अप्पांना टोपी घ्याची हाय," त्या म्हणाल्या. "डोक्याचा माप सांग."

"मला कसं ठाऊक असणार, हिराबाई?"

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, पुढे आल्या, आणि काही कळायच्या आत टेप माझ्याच डोक्याभोवती गुंडाळली.

"मना कवाच कललंय, बाय," त्या टेप वाचत म्हणाल्या. "त्या अप्पान एकदा लिवलेला, सासूचा राग आला तं भांडी घासाला घ्या, मनासारका आवाज करता येतो. ह्या बाप्याला सुचंल? माझ्या घरान पाच बापये हान. एकाला ठावं नाय भांडी कंची कुठं ठेवतान."

माझ्या डोळ्यांत एकदम पाणीच आलं. इतके महिने मी लिहीत होते आणि 'हे तूच लिहिलंयस' असं मला पहिल्यांदाच कोणीतरी म्हणत होतं.

"आता काय करू हो?"

"उद्या सांगून टाक."

"लोक चिडतील. पेपर बंद पडेल. साहेब मला काढून टाकतील."

"जेवान आदी वाढू," हिराबाई टेप पिशवीत टाकत म्हणाल्या. "पोट भरल्याव कोन चिडतं? चिडला तरी उटवत नाय."

दुसऱ्या दिवशी हॉल भरून गेला. व्यासपीठावर दोन सिंहासनांसारख्या खुर्च्या, मागे थर्माकोलची अक्षरं. हिराबाईंनी आधी पंगती बसवल्या. वरण-भात, वांग्याची भाजी, जिलबी, आणि आमटीची दोन मोठी पातेली, एक गुळाचं, एक बिनगुळाचं. अप्पापक्षाचे लोक एका पातेल्यातली आणि काकूपक्षाच्या बायका दुसऱ्यातली मागतील अशी माझी कल्पना. लोकांनी दोन्ही घेतल्या आणि ताटात एकत्र केल्या.

सगळे जेवून खुर्च्यांवर सैलावले आणि मी व्यासपीठावर गेले. टेबलाला धरून उभी राहिले. वर्तकसाहेब पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते.

"मी वैजयंती खरे," मी म्हटलं. "मी 'शेजारधर्म'मध्ये काम करते. अप्पा येणार नाहीत आणि काकूही येणार नाहीत. कारण अप्पांचा सल्ला मी लिहिते. आणि काकूंच्या पाककृती माझी आई सांगते आणि मी लिहिते. भांडण माझंच होतं. दोन्ही बाजूंनी."

मग मागून शकुताईंचा आवाज आला, "म्हणजे काकूंच्या भरल्या वांग्यात मीठ जास्त पडलेलं ते तुझं?"

"ते प्रेसचं," मी म्हटलं.

एक-दोघं हसली. तेवढ्यात मास्तर ताडकन उभे राहिले. "साफ खोटं! अप्पा आहेत! माझ्या घरी जेवून गेलेत!"

सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांच्या कट्ट्याची अख्खी रांग त्यांच्याकडे बघत होती. त्यांच्या पत्नीही शेजारी बसल्या होत्या, आणि त्या मात्र मान खाली घालून पदराशी चाळा करत होत्या. एक वाक्य बोलले असते तर मी सुटले असते आणि मास्तर कायमचे बुडाले असते. म्हटलं, इतक्या जणांच्या भानगडी अप्पांनी नाव न छापता सोडवल्या, मग यांचंच नाव का घालवायचं?

"मास्तर खरं सांगताहेत," मी म्हटलं. "मीच गेले होते त्यांच्याकडे. तीन पुरणपोळ्या खाल्ल्या. अप्पा मीच, म्हणजे अप्पाच जेवले की नाही?"

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हेच! हेच मी केव्हापासून सांगतोय! या मुलीला मी पहिल्यापासून ओळखतो!" आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कट्ट्याने वाजवल्या. मग महिला मंडळाने वाजवल्या, कारण कल्याणवाल्यांपेक्षा कमी पडून चालणार नव्हतं. हिराबाईंनी वर येऊन ती टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. माझ्या मापाची होती.

चिडलं कोणी नाही असं नाही. काही लोकांनी अंक बंद केला. आणि एक गोष्ट मला पुढे बरेच दिवस टोचत राहिली. अप्पांना जे लोक सर्रास लिहायचे, ते मला लिहिताना हात आखडता घ्यायला लागले. मिशीवाल्या म्हाताऱ्याला जे सांगता येतं ते भाजी आणताना समोर दिसणाऱ्या मुलीला कसं सांगायचं? सांगलीच्या त्या मुलीचं पत्र परत कधी आलं नाही. तिने वाटीत आमटी वेगळी काढली की नाही, कोण जाणे.

पण वर्तकसाहेबांनी मला काढलं नाही. सोमवारी सकाळी मी आत शिरताच म्हणाले, "आता तुझं नाव लपवण्यात अर्थ नाही. टाक."

शनिवारचा अंक आला. सदराच्या वर, ठळक टाइपात, आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव छापलं होतं: 'श्री. वैजयंती खरे.'

प्रेसमधल्या माणसाचं म्हणणं, त्या जागी इतके दिवस पुरुष होता, हात आपोआप गेला. पुढच्या आठवड्यात 'मा. वैजयंतीराव' अशी तीन पोस्टकार्डं आली. एकाने व्यायामाविषयी मार्गदर्शन मागितलं होतं. वर्तकसाहेबांनी तातडीने दुरुस्ती छापायला सांगितली. दुरुस्ती आली: 'गेल्या अंकात श्री. वैजयंती खरे असे छापले गेले. ते सौ. वैजयंती खरे असे वाचावे.'

त्या रविवारी आमच्या घरी माणसांची रीघ लागली. मामा कर्जतहून आला आणि पायरीवरूनच ओरडला, "ताई, परस्पर उरकलंत? आम्ही मेलो होतो का?" शेजारच्या काकू पेढे मागायला आल्या. आई प्रत्येकाला सांगत होती, "अहो, नाही झालं! आमच्या नशिबात कुठलं?" आणि दर वेळी माझ्याकडे असं बघत होती की मी बेत करून छापून आणलंय.

तिसऱ्या आठवड्यात मी स्वतः कल्याणला प्रेसमध्ये गेले. तो माणूस शिशाचे उलटे टाइप जुळवत होता. मला बघून त्याने कान पकडले. "ताई, आता 'कुमारी' लावतो. पक्कं."

"काही लावू नका," मी म्हटलं.

"अहो, काहीतरी तर लावावं लागेल ना पुढे?"

"नुसतं नाव लावा."

त्याने 'कुमारी'चे टाइप परत खणात टाकले. मग रिकामी जागा सोडून माझं नाव जुळवलं, आणि मी तिथेच उभी राहून ते उलटं वाचलं. बरोबर होतं.